म्हशीनं ओळखलेला आवाज

दादा,

तुझा आवाज माझ्या कानातून निघून चालला आहे. बाकीचं सगळं जागच्या जागी आहे. तुझं चालणं, दूध संस्थेच्या कट्ट्यावर एक पाय वर घेऊन बसणं, जेवताना भाकरीचा पहिला तुकडा मोडून तसाच ताटाच्या कडेला ठेवणं, सगळं डोळ्यांसमोर येतं. पण तू तोंड उघडलंस की आवाज येतो तो मी लॅपटॉपवर तयार केलेला. कधी जाड, कधी पातळ, कधी नाकातला. तुझा येत नाही. मी डोळे मिटून बसते, कान दाबून बसते, तरी येत नाही. तुला अग्नी देऊन अजून महिना झाला नाही आणि सख्ख्या बहिणीची ही तऱ्हा.

भेटायला येणारे लोक येतच आहेत. बाहेरच्या सोप्यात बसतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि थोड्या वेळानं ठरलेलं विचारतात, "मावा सुटला न्हाय वाटतं शेवटपर्यंत?" तू जन्मात सुपारीचं खांड चघळलं नाहीस. आवाजाला जपायचास. थंड पाणी नको, ताक नको, चिंच तर नकोच. वैनीनं इतकी वर्षं तुझ्यासाठी बिनचिंचेची आमटी वेगळी केली. आणि व्हायचं ते घशातच झालं. मी प्रत्येकाला सांगते, तो खात नव्हता. ते मान हलवतात, पण विश्वास ठेवत नाहीत. परवा एकाला मी तोंडावर म्हटलं, "तुमी खाताय न्हवं? तुमाला कुटं काय झालंय?" वैनीनं मला दंडाला धरून आत नेलं. तू असतास तर हसला असतास, आणि नंतर मला बाजूला घेऊन झापलं असतंस. मला ते झापणंसुद्धा ऐकू येत नाही, दादा. नुसते ओठ दिसतात.

कुस्त्यांच्या मैदानात तू माइक हातात घेतलास की आधी त्यात फुंकर मारायचास, मग ती हाक यायची. "ओऽऽऽ!" शब्द सगळे नंतर. हलगी थांबायची, झाडावर चढलेली पोरं गप्प व्हायची, कडेला उभे राहून भांडणारे म्हातारे मान वळवायचे. मग तू म्हणायचास, "पावणंऽऽ, खाली बसा की!" आणि गावच्या गाव खाली बसायचं. जोडीतल्या पैलवानांची नावं, त्यांची गावं, त्यांचे वस्ताद, कुणी कुणाला कुठल्या जत्रेत चितपट केलं होतं, हे सगळं तू कागद न बघता सांगायचास. ते लोकांना आवडायचं. मला ती हाकच आवडायची. हीच हाक, जरा मऊ करून, तू रोज पहाटे सोप्यातून गोठ्याकडे घालायचास. "ओऽऽ." चंद्री मान वर करायची आणि मग धार काढायला जायचास. आम्ही अंथरुणात असायचो. तुझ्या हाकेनं म्हैस उठायची आणि कारखान्याच्या भोंग्यानं आम्ही.

मैदानावरून घरी आलास की तुझं एक भांडण ठरलेलं असायचं, माइकवाल्याशी. त्याला फोन लावून विचारायचास, "माजा आवाज बारीक का करतोस रं? पोरागत लागतोय." तो बिचारा सांगायचा, "जसा हाय तसाच सोडतोय की दादा." तू आणखी चिडायचास. "न्हाय. माजा आवाज मला ठावं न्हाय व्हय?" त्यानं माइक बदलले, कर्णे बदलले. तुझं समाधान झालं नाही. कर्णा खोटं बोलतो, हे तुझं ठाम मत होतं. आम्ही सगळे तुला त्यावरून छळायचो. वैनी म्हणायची, ह्यांना स्वतःचा आवाज सोन्यागत वाटतोय.

आता लोक मला म्हणतात, मैदानांचे व्हिडिओ आहेत की, ते ऐक. ऐकले. त्यांच्यात तू आहेस तितकीच हलगी आहे, शिट्ट्या आहेत, आणि कर्ण्यातून फाटून आलेला काहीतरी गोंगाट आहे ज्याला आपण तुझा आवाज म्हणायचो. घरातल्या, जेवताना बोलणाऱ्या तुला कुणीच टिपून ठेवलं नाही. कशाला ठेवेल कुणी? तू तर घरातच होतास. माझ्या फोनवर तुझा एकच निरोप आहे, "दूध घेऊन येतोय," आणि मागे तुझी मोटरसायकल फटफटतेय. तो मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मला मोटरसायकलच पाठ झाली आहे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे तुझ्या खाटेभोवती होतो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही. आम्हाला वाटलं, तू काहीतरी बोलशील. शेवटचं बोलणं म्हणजे काहीतरी असेल. तू वैनीला विचारलंस, "चंद्रीला पेंड घातली का?" वैनी म्हणाली, व्हय. तू म्हणालास, "बरं." तुझ्या आवाजातला शेवटचा शब्द 'बरं'. मी खाटेला चिकटून उभी होते, माझ्या कानानं ऐकलाय. शब्द आठवतो, वैनीच्या साडीचा रंग आठवतो. तू तो 'बरं' कसा म्हणालास ते मात्र गेलं. मी 'बरं, बरं, बरं' असं शंभर तऱ्हांनी म्हणून बघते आणि एकही तुझा नसतो.

घरी आलास तेव्हा गळ्याला भोक आणि त्यावर कापडाची छोटी झालर. श्वास तिथूनच. त्यामुळे फुंकर गेली, वास गेला. संस्थेत नासलेल्या दुधाला तू नाक लावलंस आणि तुला काही कळलं नाही, तेव्हा पहिल्यांदा तुझा चेहरा पडलेला मी बघितला. गळ्याला लावून बोलायचं ते यंत्र आणलं होतं. एकाच सुरात भुणभुण करणारं. तू एकदाच गोठ्यात जाऊन ते गळ्याला लावलंस आणि चंद्रीला हाक घातलीस. ती बुजली, बादली लाथाडली आणि दावं तोडायला बघायला लागली. तू ते यंत्र कपाटावर टाकलंस. त्यानंतर टाळी वाजवायचास, नाहीतर फोनवर टाइप करून दाखवायचास.

तेव्हा मी हे खूळ डोक्यात घेतलं. मी कॉलेजात पोरांना पायथन शिकवते, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. आवाज तयार करणारं एक इंजिन मिळतं, संगणकावरच चालतं. त्याच्यात आवाज भरून ठेवलेले नसतात. तो दर क्षणाला नव्यानं बनतो. पण इंजिन स्वतःहून काही करत नाही, त्याला निरोप धाडावा लागतो. निरोप धाडायला एक लायब्ररी असते, तयार कोडचा गठ्ठा. मी पायथनमध्ये एक ओळ लिहिली की लायब्ररी इंजिनाला सांगते, हा आवाज सुरू कर, याची पट्टी एवढी उतरव, हा बंद कर. मी तुला हे समजावलं तेव्हा तू टाइप केलंस, "म्हंजे तू वस्ताद, ती लायबरी निरोप्या आनि त्यो पैलवान मठ्ठ." मी पोरांना वर्गात आता असंच शिकवते. तुझं नाव सांगत नाही.

पहिल्यांदा मी कारखान्याचा भोंगा करून दाखवला. सोपा असतो, एकच सूर चढत जातो. तू चटकन घड्याळाकडे बघितलंस. मग मी घसा करायला घेतला. आधी नुसती करकर, घशातल्या पडद्यांची. तिला एकामागून एक गाळण्या लावायच्या, म्हणजे तोंडाची पोकळी झाली. कुठली कंपनं उचलायची, कुठली दाबायची, याचे तीन-चार आकडे असतात. ते सरकवले की 'आ'चा 'ओ' होतो, आणखी सरकवले की एका माणसाचा दुसरा माणूस होतो. मी कॉलेज सुटलं की कळंब्याला माझ्या घरी न जाता थेट बावड्याला तुमच्याकडे यायची. सोप्यात चटईवर लॅपटॉप, शेजारी छोटा स्पीकर, समोर तू मांडी घालून. मी ओळ मारायची, इंजिन ओरडायचं, तू ऐकायचास.

मला तुझे शब्द करायचे होते. पाणी दे, इकडे ये, दुखतंय, एवढे तरी. तुला ते नको होते. तू लिहिलंस, "पानी मी हातानं मागतो. मला हाक पायजे." आपण त्यावर किती भांडलो. म्हणजे मी भांडत होते आणि तू अंगठ्यानं टाइप करत होतास, त्यामुळे प्रत्येक वेळी माझे दोन डाव होऊन जायचे तरी तुझा एक पुरा व्हायचा नाही. शेवटी जिंकलास तूच. शब्द बाजूला ठेवले आणि ती एक 'ओऽऽ' धरून बसलो.

एकदा काय झालं, आठवतंय ना तुला. माझा एक स्वल्पविराम चुकला आणि प्रोग्राम मधेच बंद पडला. पण इंजिनाला काय माहीत? त्याला 'सुरू कर' पोचलं होतं, 'बंद कर' पोचलंच नव्हतं. ते ओरडत सुटलं. "ओऽऽऽऽऽ", श्वास नाही, उसंत नाही. मी इकडे बटणं दाबतेय, प्रोग्राम तर केव्हाच मेलाय, आवाज चालूच. वैनी पिठाच्या हातांनी धावत आली. भिंतीपलीकडून शेजारच्या काकांनी विचारलं, "कोन बोंबलतंय रं?" आणि तू हसत होतास. तुझं हसणं आता बिनआवाजाचं होतं, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी आणि गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखी हवा. मी शेवटी स्पीकरची वायर उपटली. तू लिहिलंस, "ह्याला दमच लागंना की. मैदानात पायजे हुता." त्या हसण्यासाठी मी तुझे उपकार मानते, दादा. ऑपरेशननंतर तू तेवढाच हसलास. इंजिन बंद न होण्याचा इतका आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

पण तुला पटेना. मी काहीही वाजवलं की तू मांडीवर थाप मारायचास, शड्डू ठोकल्यासारखी, म्हणजे परत. मग हात गळ्यापासून छातीपर्यंत खाली आणायचास. खाली, अजून खाली. मग छाती थोपटायचास. मी पट्टी उतरवायची. परत थाप. मी म्हणायची, "दादा, तुजा आवाज एवढा खाली कधीच नव्हता." तू माझ्याकडे असं बघायचास की जणू तुझं घर मी दुसऱ्याच्या नावावर करतेय.

चंद्रीला पंच करायची कल्पना तुझीच. तू लिहिलंस, तिला विचारू. माणूस लाजेकाजेस्तव व्हय म्हणतोय, म्हस न्हाय म्हणत. मग रोज संध्याकाळी आपली वरात गोठ्यात. मी लॅपटॉप धरलेला, तू स्पीकर, वैनी मागं बादली घेऊन. मी वाजवायची. चंद्री रवंथ करत राहायची. तू माझ्याकडे वळून भुवया उडवायचास आणि फोन पुढं करायचास, "बघ. तिलाबी पटलं न्हाय." मी म्हशीसमोर नापास होणारी पहिली शिक्षिका असेन. किती दिवस हे चाललं. मला वाटतं त्या दिवसांत आपण तिघं सुखात होतो, भोक असलेला गळा आणि सगळं धरून.

आणि मग तो दिवस. मी आकडे एकेक करून सरकवत होते, कानानं, काही न ठरवता. पट्टी जरा वर घेतली, एक गाळणी थोडी मोकळी केली आणि वाजवलं. चंद्रीनं मान वर केली. रवंथ थांबलं. कान फिरवून तिनं दाराकडे बघितलं, तू दारात नव्हतास, तिच्या शेजारीच होतास, तरी दाराकडे. आणि वैनी, जी त्या दिवशी चुलीपुढं होती, ती हातातलं टाकून धावत आली. तिच्या तोंडातून निघालं, "आलो आलो," जशी ती तुझ्या हाकेला पूर्वी ओ द्यायची. मग तिला कळलं आणि ती तिथंच उंबऱ्यात बसली.  मी तुझ्याकडे बघितलं.

तू मांडीवर थाप मारलीस.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आता काय राहिलं? म्हशीला कळालं, वैनीला कळालं. तुलाच तेवढं पटंना?" तू लिहिलंस, "म्हशीला काय कळतंय. त्यो मी न्हवं." मी म्हणाले, "मग कोन हाय?" तू बराच वेळ टाइप करत होतास. मग दाखवलंस, "माजा आवाज मला ठावं न्हाय व्हय?" आणि हात खाली. खाली, खाली, छातीवर थाप. मी रागारागानं आकडे खाली ओढले. घे, असा? अजून खाली? असा? प्रत्येक ओळीसरशी इंजिन आधीचं सोडून नवं धरत गेलं. त्याला मागचं आठवत नसतं. तुला खोकला आला, भोकातून रक्ताचा एक ठिपका झालरीवर आला आणि आपण थांबलो.

सगळे विचारतात, ते आकडे सेव्ह का नाही केलेस? जमलं की लिहून ठेवायचं ठरलं होतं, आणि जमलं हे तू म्हणायचं होतं. तू म्हणाला नाहीस.

पुढच्या आठवड्यात कळलं की दुखणं छातीत उतरलंय. त्यानंतर लॅपटॉप उघडला नाही. मी दवाखान्यात रोज तुझ्या उशाशी बसायची आणि रोज वाटायचं, आज हे भांडण मिटवून टाकावं. पण तुला सुया टोचलेल्या, तुला धाप लागलेली. तशात मी काय म्हणणार होते, की दादा, तोच आवाज तुझा होता, मान्य कर? तू गेलास तेव्हा माझा हात तुझ्या छातीवर होता. तिथून काही आवाज यावा म्हणून मी कान लावला होता. डॉक्टरांनी मला उठवलं.

दहावं झाल्यापासून मी तोच आवाज शोधते आहे. चंद्रीनं ओळखला तो. रजा टाकून बावड्यातच राहिले आहे. पट्टी जरा वर, गाळणी जरा मोकळी, एवढंच आठवतं, पण 'जरा' म्हणजे किती? मी सकाळपासून ओरडवत बसते. दुपारी स्पीकर घेऊन गोठ्यात जाते. पहिले एक-दोन दिवस चंद्रीनं एकदा कान हलवला, माशीसाठी की माझ्यासाठी, माहीत नाही. आता ती कशालाच मान वर करत नाही. तिला सवय झाली. तिच्या लेखी आता ही घरातली आणखी एक कटकट आहे, पाण्याच्या मोटारीसारखी. मी एकदा तिच्या गळ्यात पडून रडले, दादा. सांग की गं, म्हटलं, सांग की, वर की खाली? ती माझा खांदा चाटत राहिली. वैनी दारातून बघत होती.

मी जितकं वाजवते तितका तू पुसला जातोस, हे मला कळतं. प्रत्येक चुकीचा आवाज कानात बसतो आणि तुझी जागा घेतो. थांबावं तर जे उरलंय तेही आपोआप जाणार, आणि शोधावं तर मीच ते घालवणार. असं कोंडीत कुणी कुणाला धरू नये. एखादी हाक घाल ना. स्वप्नात घाल, मोरीतून घाल, कुठूनही. मी दुरुस्त करून घेईन. एका हाकेवर माझं काम होईल. मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही, भाऊबीजेलासुद्धा नाही.

मग गेल्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला, रजेवर आहात तर एक पाठ घरूनच रेकॉर्ड करून पाठवा. मी केला. पाठवायच्या आधी ऐकला आणि थबकले. हा माझा आवाज? हा पातळ, चिरका, पोरीसारखा? मी वैनीला बोलावून ऐकवलं. वैनी म्हणाली, "तुमचाच हाय की ताई. असाच तर बोलता तुमी." मी परत ऐकला. मला तो कुणा दुसरीचाच वाटत होता.

दादा, हे काही मला नवं नाही. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक बाहेरून, कानातून, जसा सगळ्यांना येतो. दुसरा आतून, हाडांतून, छातीतून. तो आतला जाड असतो, खोल असतो, आणि आपल्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही. शाळेतली पोरंसुद्धा हे सांगतील. आणि मी तुझ्यासमोर बसून, तू छाती थोपटत असताना, 'तुजा आवाज एवढा खाली कधीच नव्हता' म्हणत राहिले. तूही बरोबर होतास आणि चंद्रीही बरोबर होती. माइकवाला खोटं बोलत नव्हता, तूही नव्हतास. आपण दोघं एका आवाजाबद्दल भांडतच नव्हतो. मी आम्हाला हवा असलेला करत होते, आणि तुला तुझा हवा होता, जो तुझ्या हाडांत होता. तो काढून नेला होता आणि तो परत मिळेल म्हणून तू रोज माझ्यासमोर मांडी घालून बसायचास. हे तुलाही सांगता आलं नाही. तुलाही वाटत होतं की सगळ्यांना तो तसाच ऐकू येतो.

ती हाडं आता पंचगंगेत आहेत.

मी काल सकाळी पुन्हा इंजिन सुरू केलं. या वेळी मला काय आठवतं ते विचारलंच नाही. मला आठवत होते ते तुझे हात, आणि हात मला अजून स्वच्छ दिसतात. गळ्यापासून सुरू केलं आणि तुझा हात जिथपर्यंत यायचा तिथपर्यंत पट्टी उतरवत नेली. तू थाप मारायचास तिथं थांबले नाही, आणखी खाली गेले. मग छाती. वरची धार झाकून टाकली, खालचा घुमारा वाढवला, माणूस पांघरुणात तोंड घालून स्वतःशी बोलतो तसा. दुपारपर्यंत असंच चाललं होतं. मधे जेवले नाही. आणि एका ओळीला असा आवाज आला की माझा हात आपोआप थांबला. रुंद, उबदार, जरा थकलेला, कुणावर रागावलेला नसलेला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. पण मला कळलं. तू आयुष्यभर पहाटे गोठ्याकडे तोंड करून हाक घालायचास तेव्हा तुला स्वतःला हे ऐकू यायचं. म्हणून तुला कर्णा खोटा वाटायचा. एवढा मोठा माणूस आत बसला होता आणि बाहेर आम्हाला पोरागत ऐकू येत होता.

मी आकडे लिहून ठेवले. मग आवाज वाढवला आणि परत वाजवला. सोप्यात, दिवसाउजेडी, दार उघडं. "ओऽऽऽ."

चुलीपाशी भांडं वाजलं. मी वाट बघत होते, ती 'आलो आलो' म्हणेल म्हणून. मला ते इतकं हवं होतं की मी मुठी आवळल्या होत्या. वैनी आतल्या दारात आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, परका पुरुष सोप्यात असला की करते तसा. आत डोकावून बघितलं. मी एकटीच चटईवर होते, तर तिची नजर बाहेरच्या दाराकडे गेली.

हळूच, ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं, "कोन पावणं आल्यात वो, ताई?"

 तुझ्याबरोबर जन्म काढलेली बाई, दादा. तुझ्या नुसत्या खाकरण्यावरून तुला भूक लागली का राग आलाय ते ओळखणारी.

"च्या ठेवू का त्यास्नी?" तिनं विचारलं.

"ठेवा," मी म्हणाले. "लांबनं आल्यात."